पहिलं घर, सरकारी अनुदान आणि हातातले दहा लाख

स्वस्त घरांच्या जाहिरातींत हल्ली एक ओळ हमखास असते: 'पंतप्रधान आवास योजनेचं १ लाख ८० हजारांचं अनुदान'. ती वाचून नवराबायको रविवारी साइटवर जातात, सॅम्पल फ्लॅट बघतात, पसंतही पडतो. मग सेल्स ऑफिसातल्या टेबलावर कॉस्ट शीट येते. तिच्यात अनुदान कुठंच नसतं. असतो तो मुद्रांक शुल्काचा आकडा, नोंदणी, जीएसटी, आणि तळाशी 'स्वतःचा हिस्सा'. तिथं चेहरे उतरतात.

अनुदानाची जाहिरात खोटी नसते. पण ते अनुदान ज्या अडचणीवर मिळतं ती बहुतेकांची खरी अडचण नसते. हे समजून घ्यायचं तर बँक पहिल्या घराच्या कर्जाकडे कशी बघते तिथून सुरुवात करावी लागेल.

बँक दोन वेगवेगळे हिशेब करते

पहिला हिशेब घराचा. घराची किंमत अमुक, तर त्यातले किती पैसे आम्ही घालायचे आणि किती तुम्ही? तुमच्या वाट्याला बँकेत 'मार्जिन मनी' म्हणतात, बाहेर आपण डाउन पेमेंट म्हणतो.

दुसरा हिशेब तुमचा. दरमहा हातात किती येतं, त्यातून किती हप्ता जाऊ शकतो?

दोन्ही हिशेबांत जे कर्ज कमी निघेल तेवढंच मिळतं. पगार चांगला आहे पण शिल्लक नाही, तर पहिल्यात अडकाल. वडिलांनी शेत विकून पैसे दिलेत पण पगार बेताचा, तर दुसऱ्यात. शाळेच्या प्रवेशासारखंच आहे हे: आधी एकरकमी डोनेशन, मग महिन्याची फी. सरकारची सवलत फीवर आहे. डोनेशनवर नाही.

घराच्या किमतीच्या किती टक्के कर्ज?

याची कमाल मर्यादा रिझर्व्ह बँकेनं ठरवून दिली आहे. कर्ज ३० लाखांपर्यंत असेल तर घराच्या किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के. ही कमाल आहे, हक्क नव्हे. इमारत जुनी असेल, कागदपत्रं कच्ची असतील किंवा तुमची नोकरी नवी असेल, तर बँक यापेक्षा कमी देऊ शकते.

'घराची किंमत' म्हणजे बिल्डरनं सांगितलेली नव्हे, हे अनेकांना उशिरा कळतं. बँक आपला व्हॅल्युअर पाठवते. त्यानं काढलेली किंमत आणि करारातली किंमत यांतली जी कमी, तीच साधारणपणे धरली जाते. करारात किंमत कमी दाखवून उरलेले पैसे रोखीत मागितले जातात तेव्हा कर्जही त्या कमी किमतीवरच बसतं, आणि रोखीतली रक्कम सगळी तुमच्या गळ्यात.

टक्क्यांच्या या पायऱ्यांत एक गंमतीशीर खड्डा आहे. घर ३३ लाख ३३ हजारांचं असेल तर ९० टक्क्यांनी ३० लाख कर्ज बसतं. घर साडेसदतीस लाखांचं असेल तर ८० टक्क्यांनीही ३० लाखच. म्हणजे या दोन किमतींच्या मधल्या पट्ट्यात घर जितकं महागेल तितका प्रत्येक रुपया थेट तुमच्या खिशातून जातो, कर्ज जागचं हलत नाही. बिल्डर 'फक्त दोन लाखांचा फरक आहे, वरचा मजला घ्या' म्हणतो तेव्हा हे आठवावं.

जो खर्च किमतीत धरतच नाहीत

मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क हे कर्जासाठीच्या किमतीत धरायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. अपवाद फक्त दहा लाखांपर्यंतच्या घरांना. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरात दहा लाखांत घर शोधायला निघालेल्याला माझ्या शुभेच्छा.

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत, चिखलीत समजा, ३२ लाखांचा वन बीएचके आहे आणि इमारतीचं काम चालू आहे. मुद्रांक शुल्क ७ टक्के: मूळ ५, महापालिकेचा १ आणि मेट्रोसाठीचा १. झाले २ लाख २४ हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट, म्हणजे ३२ हजार वाचतात. मात्र सहमालक म्हणून नवऱ्याचं नाव आलं की ही सूट गेली. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही, म्हणून इथं ३० हजार. बांधकाम चालू असलेल्या आणि ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरावर जीएसटी १ टक्का, म्हणजे आणखी ३२ हजार. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नसतो.

बेरीज २ लाख ८६ हजार. बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा टायटल सर्च, सोसायटीसाठीची आगाऊ रक्कम, कर्जाच्या कागदाचं वेगळं मुद्रांक हे यात धरलेलं नाही. शिवाय मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची, म्हणजे त्या भागासाठी सरकारनं ठरवलेली किंमत यांतल्या जास्त रकमेवर लागतं, हे जाता जाता.

तर बँकेनं कमाल ९० टक्के, म्हणजे २८ लाख ८० हजार दिले तरी तुमच्याकडे ३ लाख २० हजार अधिक २ लाख ८६ हजार, मिळून ६ लाख ६ हजार रोख हवेत. 'दहा टक्के भरा आणि घर घ्या' म्हणतात त्यातले दहा टक्के हे असे एकोणीस टक्के होतात.

आणि हे पैसे आधी लागतात. बँक स्वतःचा पहिला चेक काढण्यापूर्वी 'ओसीआर' मागते, म्हणजे तुमचा हिस्सा बिल्डरला दिल्याच्या पावत्या. तुमचे पैसे आत गेले की मगच बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे तिचे यायला लागतात.

हप्ता किती झेपतो?

पगारातला किती भाग सगळ्या कर्जांच्या हप्त्यांत जाऊ द्यायचा याची प्रत्येक बँकेची मर्यादा असते. बँकेतले लोक तिला एफओआयआर म्हणतात. मध्यम पगाराला साधारण ५० टक्के धरा, कमी पगाराला त्याहून कमी, कारण वीस हजार पगारातले दहा हजार गेले तर उरलेल्यात घर चालत नाही.

समजा दोघांचे मिळून हातात ५० हजार येतात. ५० टक्क्यांनी हप्त्याला २५ हजार. व्याज ८.५ टक्के आणि मुदत २० वर्षं धरली तर एक लाखाला महिना ८६८ रुपयांच्या आसपास हप्ता बसतो. म्हणजे साधारण २८ लाख ८० हजारांचं कर्ज निघतं. योगायोगानं वरच्या उदाहरणाइतकंच.

पण दारात हप्त्यावरची बाइक उभी आहे, महिन्याला ४ हजार जातात. बँक ते आधी वजा करते. उरले २१ हजार. कर्ज उतरलं २४ लाख २० हजारांवर. ४ हजारांच्या त्या हप्त्यानं घराच्या कर्जातून ४ लाख ६० हजार खाल्ले. बाइकचे शेवटचे सात-आठ हप्ते उरले असतील तर ते एकदम भरून टाकून, बंद झाल्याचं पत्र घेऊन मग घराच्या कर्जाचा अर्ज करणं बऱ्याचदा फायद्याचं ठरतं. फोन, फ्रिज, शून्य टक्के ईएमआयवर घेतलेला टीव्ही, सगळ्यांना हाच न्याय.

दर मी मुद्दाम जरा चढा धरला आहे. रिझर्व्ह बँकेनं २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो, ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आणला आणि चांगली पत असलेल्यांना बँका ८.५ पेक्षा स्वस्त कर्ज देतात. पण बदलत्या दराचं कर्ज वीस वर्षांत वर-खाली होणारच. २५ लाखांच्या कर्जाचा दर ८.५ वरून ९.५ झाला तर हप्ता २१ हजार ७०० वरून २३ हजार ३०० होतो. आज काठावर बसवलेला हप्ता उद्या बसेलच असं नाही.

मग सरकार नेमकं काय देतं?

प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० ही १ सप्टेंबर २०२४ पासून लागू आहे. तिचे चार भाग आहेत. बँकेच्या कर्जाशी संबंध असलेला भाग व्याज अनुदानाचा. वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नाही, अशांना पहिल्या ८ लाखांच्या कर्जावर १२ वर्षांपर्यंतच्या मुदतीसाठी ४ टक्के व्याज सवलत. ती जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, आणि पाच वार्षिक हप्त्यांत. म्हणजे वर्षाला ३६ हजार, महिन्याला ३ हजारांची सोय, पाच वर्षं.

महिना ३ हजार ही लहान रक्कम नाही. पण ती केव्हा येते? कर्ज मंजूर होऊन पैसे सुटल्यानंतर. ओसीआर देऊन, मुद्रांक भरून, करार नोंदवून झाल्यावर. डाउन पेमेंटला तिचा एक रुपया उपयोगाचा नाही.

२०२२ पर्यंत चाललेल्या आधीच्या योजनेत कमी उत्पन्न गटाला २ लाख ६७ हजारांपर्यंतचं अनुदान एकरकमी कर्जखात्यात जमा व्हायचं आणि हप्ता तिथल्या तिथं कमी व्हायचा. आता हप्त्यांनी मिळतं, आणि प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्ज चालू असावं लागतं, मुद्दलही अर्ध्याहून जास्त बाकी असावं लागतं. बोनस मिळाला म्हणून भराभर कर्ज फेडणाऱ्यानं हे लक्षात ठेवावं.

२५ लाखांच्या अटीचा अर्थ

आता चिखलीच्या फ्लॅटकडे परत. ९० टक्के कर्ज म्हणजे २८ लाख ८० हजार. पण अनुदान हवं तर कर्ज २५ लाखांच्या आत हवं. तसं केलं तर स्वतःचे ७ लाख अधिक कर-शुल्कांचे २ लाख ८६ हजार, मिळून ९ लाख ८६ हजार रोख. योजनेत बसणाऱ्या सगळ्यात महाग घराचं, ३५ लाखांचं, गणित घेतलं तर नुसत्या किमतीतलेच दहा लाख तुमचे.

म्हणजे ज्याच्याकडे सहा लाख साठले आहेत तो जास्त कर्ज काढून घर घेईल आणि अनुदानाला मुकेल. ज्याच्याकडे दहा लाख आहेत त्याला अनुदान. मदतीची गरज कुणाला जास्त होती, हे ज्यानं त्यानं ठरवावं. कर्ज २५ लाखांवर ठेवल्यानं हप्ता ३ हजार ३०० नं हलका होतो हे खरं, पण त्यासाठी आज ३ लाख ८० हजार जास्तीचे हातात हवेत, आणि पहिलं घर घेणाऱ्याकडे नेमके तेच नसतात. माझ्या मते ही योजनेची सगळ्यात मोठी फट आहे.

उत्पन्न कमी असावं की जास्त?

दुसरी ओढाताण उत्पन्नाची. योजनेला कुटुंबाचं उत्पन्न ९ लाखांच्या आत हवं, बँकेला जितकं जास्त तितकं बरं. बायकोचा पगार सहकर्जदार म्हणून जोडला की कर्ज वाढतं, पण दोघांचं मिळून ९ लाखांवर गेलं की अनुदान संपलं. काही एजंट यावर 'तोडगा' सांगतात: इकडे एक आकडा, तिकडे दुसरा. आधार, पॅन आणि बँकेचं खातं एकमेकांना जोडलेलं असताना हे करणं म्हणजे पाच वर्षांच्या अनुदानावर स्वतःच टांगती तलवार लावून घेणं.

तळच्या गटाची अडचण आणखी वेगळी. वर्षाला ३ लाख म्हणजे महिना २५ हजार. ४० टक्क्यांनी हप्ता १० हजार, कर्ज साडेअकरा लाख. एवढ्यात शहरात घर मिळत नाही, मग व्याज अनुदान असून काय उपयोग? ज्यांची स्वतःची जागा आहे त्यांच्यासाठी योजनेचा दुसरा भाग आहे: घर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख. तिथं डाउन पेमेंटचा प्रश्नच नाही, पण जागा हवी. रिक्षा चालवणारे, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बायका यांना पगाराची स्लिप नसते. त्यांनी कर भरावा लागत नसला तरी दोन-तीन वर्षं आयटीआर भरून ठेवणं आणि धंद्याचे पैसे खात्यातून फिरवणं, हाच कर्जाचा पाया.

'गावी घर आहे, चालेल का?'

घर वडिलांच्या नावावर आणि तुमचं लग्न झालेलं असेल तर तुमचं कुटुंब वेगळं, कारण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. पण वडील गेल्यावर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर वारस म्हणून तुमचं नाव लागलं असेल तर अर्जाआधी बँकेत विचारून घ्या. 'पडकं आहे, कुणी राहत नाही' हे उत्तर कागदावर चालत नाही. मागच्या वीस वर्षांत सरकारच्या कुठल्याही घरकुल योजनेचा लाभ घेतला असेल तरीही दार बंद.

'सरकार हमी देतं ना, मग बँक का घाबरते?'

हमी कुणाला आहे ते बघा. कमी उत्पन्न गटाच्या गृहकर्जांसाठी केंद्राचा क्रेडिट रिस्क गॅरंटी फंड आहे, आणि नव्या योजनेत त्याचा निधी १ हजार कोटींवरून ३ हजार कोटींवर नेला आहे. कर्ज बुडालं तर बँकेचं काही नुकसान हा फंड भरून देतो. यामुळे तारण आणि जामीनदाराच्या बाबतीत बँक थोडी सैल होऊ शकते. तुम्हाला मात्र यातून काहीच सुटत नाही. हप्ते थकले तर बँक सरफेसी कायद्याखाली घराचा ताबा घेऊ शकते, हमी असो वा नसो.

हमी डाउन पेमेंटवर कशी वापरता येते याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात दिसतं. मेलबर्न-सिडनीला कायम झालेल्या आपल्या लोकांना ते माहीत असेल: पहिलं घर घेणाऱ्यानं ५ टक्के भरायचे, आणि किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत सरकार बँकेला हमी देणार. ऑक्टोबर २०२५ पासून तिथं उत्पन्नाची अटही काढली. त्यातही धोका आहेच. कमी पैशांत जास्त लोक खरेदीला उतरले की किमती वर जातात, आणि कर्ज मोठं म्हणून हप्ताही मोठा. पण निदान मदत पहिल्या पायरीवर आहे.

'डाउन पेमेंटसाठी पर्सनल लोन काढलं तर?'

हे बरेच जण करतात, आणि तिथंच फसतात. तीन लाखांचं पर्सनल लोन पाच वर्षांचं असेल तर महिना सहा-सात हजार सहज जातात. बाइकच्या उदाहरणात बघितलं तसं ते घराच्या कर्जातून सात-आठ लाख काढून घेतं. सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत, ते लगेच दिसतं, त्यामुळे 'बँकेला कळणार नाही' हेही खरं नाही. घरच्यांकडून घेतलेले पैसे, पीएफमधून घरासाठी काढता येणारी रक्कम, सोनं मोडणं हे मार्ग त्यामानानं बरे. सोनं गहाण ठेवलं तर मात्र तेही कर्जच.

'टॅक्स वाचतो ना' हेही ऐकू येतं. योजनेत बसणाऱ्या, म्हणजे ९ लाखांच्या आतल्या नोकरदाराला नव्या करप्रणालीत आता करच लागत नाही. वाचवायचं काय?

'पैसे साठेपर्यंत भाव वाढतील त्याचं काय?'

वाढतीलही. पण दहा लाखांची जुळणी अर्धवट असताना टोकन देणाऱ्याचं नुकसान लगेच होतं, भाववाढीचं नंतर. रेरा कायद्यानं बिल्डरला नोंदणीकृत करार करण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, त्यामुळे 'आधी २० टक्के भरा, ॲग्रीमेंट पुढच्या महिन्यात' हे ऐकलं की उठावं. त्याआधी बँकेत जाऊन तात्पुरतं मंजुरीपत्र घ्यावं, म्हणजे आपलं कर्ज २४ लाख बसतं की २८, हे फ्लॅट बघण्याआधीच कळतं. पहिल्यांदा कर्ज घेणाऱ्याचा सिबिल इतिहास नाही, एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळू नये असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं आहे, तेव्हा 'आमचं रेकॉर्डच नाही' म्हणून घाबरून थांबायचं कारण नाही.

आणि टोकनची पावती घेताना तिच्यावर एक ओळ लिहून सही घ्यावी: 'बँकेचं कर्ज मंजूर न झाल्यास ही रक्कम पूर्ण परत दिली जाईल.' बहुतेक सेल्स ऑफिसांत आधी नकार मिळतो. दुसऱ्यांदा मागितली की मॅनेजर आतून येतो, आणि त्याचा चेहरा बघून पुढं जायचं की नाही ते ठरवता येतं.